हळदीच्या रानातली माती

"तुझी आई हळद काढायला जाते ना? मग तिलाच विचार, केबल किती तापेल ते."

साहेब हे भर बैठकीत बोलले. टेबलाभोवतीचे सगळे हसले. मीही हसले. सात वर्षांच्या कंत्राटी नोकरीत तेवढं शिकले होते. साहेब हसले की हसायचं.

मी म्हणाले होते एवढंच, की मातीचा आकडा चुकलाय. कुरुंद्याकडच्या रानांतून जमिनीखालून उच्च दाबाची केबल जाणार आहे. वीज वाहिली की आतली तार तापते. ती उष्णता जाड वेष्टनातून, धातूच्या कवचातून, वरच्या आवरणातून बाहेर पडते आणि शेवटी मातीत मुरते. कुठला थर तिला किती अडवतो, हे संगणकावर मांडणं माझं काम. केबलच्या थरांचे आकडे कारखान्याकडून छापील मिळतात. माती तेवढी आपण मोजायची. साहेबांनी नमुना आणला तो उभ्या हळदीतून. हळदीला पाणी चालूच असतं. ओली माती उष्णता चटकन ओढून घेते. आकडा छान आला.

हळद निघाली की त्या रानाचं पाणी तुटतं. उन्हाळ्यात काळी माती फाटते, भेगांत हवा भरते आणि उष्णता आतच कोंडते. हे मला पुस्तकानं शिकवलं नाही. शाळा बुडवून आईबरोबर मी त्याच रानांत हळद वेचलीय. कोरड्या मातीचा आकडा घातला की माझ्या गणितात तार नव्वद अंशांच्या पुढं जाते. तेवढं वेष्टनाला सोसत नाही. आज ना उद्या ते फुटतं आणि वीज मातीत उतरते.

संध्याकाळी आईला सगळं सांगितलं.

"चैतात त्या रानात माजा हात कोपरापोतर भेगीत जातो," ती म्हणाली. "तुजं बराबर हाय. मंग तू हसलीस काहून?"

दमले होते. आडनाव कळल्यावर बदलणारे आवाज ऐकून दमले होते. आणि त्या हसण्याची लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी अहवाल सहीला आला. आकडा ओल्या मातीचाच. गणित कुणी केलं, त्या रकान्यात माझं नाव. सात वर्षं माझी गणितं साहेबांच्या नावानं गेली. आज पहिल्यांदा माझं नाव छापलं, तेही त्यांच्या चुकीवर. म्हणजे चूक त्यांनाही कळली होती. उद्या केबल फुटली की म्हणायला मोकळे, आरक्षणातून आलेली, तिला काय येतंय.

"सही कर. वेळ नाहीये."

"नाही करणार."

"पुढच्या महिन्यात कंत्राट संपतंय तुझं."

"माहीत आहे, साहेब."

मी रकान्यातलं नाव खोडलं. खाली लिहिलं, 'हे गणित माझं नाही. नमुना पाणी दिलेल्या रानातला आहे. उन्हाळ्यात ही केबल मर्यादेपलीकडे तापेल.' त्याखाली सही केली. माझं गणित जोडून एक प्रत केबल टाकून घेणाऱ्या कार्यालयात स्वतः नेऊन दिली आणि पोच घेतली.

फार मोठं काही केलं असं वाटलं नाही. डोकं दुखत होतं. कंत्राट वाढणार नाही, हेही दिसतंय. पण त्या रानांत वाकून काम करणाऱ्या बाया माझ्या घरच्या आहेत. त्यांच्या पायाखाली मी खोटा आकडा पुरणार नाही.