पूर्ण नाव सांगा

वकिलाच्या ऑफिसात किस्से धुळीसारखे साचतात. आज झाडा, उद्या पुन्हा तेवढेच! शहागंजात कापड दुकानाच्या वर देशपांडे सरांचं ऑफिस आणि मी त्यांची ज्युनिअर. त्या वर्षांत पावसानं पाठच फिरवली होती. जिन्याखाली टँकरची वाट बघत ड्रम उभे असायचे आणि शहराबाहेर मात्र नवे प्लांट उभे राहत होते. एरवी मी हसवणारे किस्से सांगते. आज समीरचे सांगते. हसू आलं तर हसा, मला येत नाही.

*

समीर देशमुख, खुलताबादचा. आयटीआय फिटर, फर्स्ट क्लास! वडील दर्ग्याबाहेर फुलं विकायचे. पहिल्या इंटरव्ह्यूत एचआरचे साहेब खूश. "देशमुख का? खुलताबाद? अरे वा, आम्ही दरवर्षी भद्रा मारुतीला येतो!" लगेच चहा सांगितला.

मग म्हणाले, "पूर्ण नाव सांगा."

"समीर रहीम देशमुख."

साहेबांनी फाईल मिटली. "कळवतो तुम्हाला." तेवढ्यात चहा आला.

"मग?" तो आमच्याकडे आला तेव्हा मी विचारलं.

"पिऊनच उठलो मॅडम. नोकरी गेलीच होती, चहा कामून सोडू?"

*

सरांनी त्याला कायदा समजावला. सरकारी नोकरी असती तर घटनेचं सोळावं, समान संधीचं कलम घेऊन थेट खंडपीठात गेलो असतो. पण ते कलम सरकारला बांधतं. खाजगी मालकानं धर्म बघून दारातूनच परत पाठवलं, तर त्यासाठी वेगळा कायदा नाही.

"आन् लेबर कोर्ट?"

"ते कामगारासाठी. तू अजून कामगार झाला नाहीस."

समीरनं विचारलं, "म्हणजे हाकलायसाठी तरी त्यांनी मला आधी आत घ्यावं लागतंय व्हय, सर?"

सरांनी तीस वर्षं वकिली केली होती. त्या दिवशी ते नुसते "हो" म्हणाले.

*

दुसऱ्या कंपनीनं सांगितलं, "दुष्काळ आहे, प्लांटला पाणी नाही, भरती बंद." समीरला पटलं. पाण्याचे हाल घरीही चाललेच होते.

आठवड्यानं बाळू त्याच्या घरी आला पेढे घेऊन. बाळू देवगाव रंगारीचा, आयटीआयला समीरच्याच बाकावरचा. त्याच कंपनीत, त्याच जागेवर लागला होता!

समीरनं पेढा घेतला आणि विचारलं, "पाणी माझ्यापुरतंच आटलं व्हतं व्हय रे?"

बाळूचा चेहरा पडला. तो तसाच त्याला घेऊन आमच्याकडे आला. "सर, मी साक्ष देतो. माझे मार्क ह्याच्यापेक्षा लई कमी हैत. नोकरी गेली तर जाऊ द्या."

"नाय सर," समीर म्हणाला. "दोघातल्या एकाची तरी राहू द्या."

ते दोघं जिना उतरून गेले आणि मला रडू आलं. सरांनी खिडकीकडे तोंड केलं.

*

कायदा नाही म्हणून गप्प बसणारे सर नव्हेत. निदान कारण तरी विचारू, म्हणून बाळूचं नाव न घेता नोटीस धाडली. कंपनीचं उत्तर आलं: आमच्याकडे उमेदवाराचा धर्म कधीही विचारला जात नाही.

"खरं बोलतायत लेकाचे!" सर म्हणाले. "पूर्ण नाव विचारलं की भागतं."

*

मग कोणीतरी समीरला अक्कल शिकवली: मधलं नाव सांगूच नको, नुसतं 'आर' म्हण. पुढच्या ठिकाणी तो तसं म्हणाला. साहेबही भले होते. "आर म्हणजे काय, रमेश? रामराव?"

नुसती मान हलवली असती तरी तो त्या दिवशी कामाला लागला असता.

"मग हलवली का नाहीस?" मी चिडूनच विचारलं. घरात बहिणीचं लग्न थांबलेलं, फुलांचा धंदा पाण्याअभावी बसलेला. मला त्याचा राग आला होता.

"कशी हलवू मॅडम? अब्बा जिते हैत की अजून."

*

त्यानंतर एका दुपारी रहीमचाचा एकटेच आले. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. पांढरी टोपी, धुतलेला सदरा. खुर्ची दिली तरी टेकेनात.

"वकीलसाब, ते गॅझेटमधून नाव बदलतं म्हणतेत, खरं हाय का?"

"बदलतं की," सर म्हणाले. "कोणाचं बदलायचंय?"

"समीरचं. त्याच्या नावातून माझं तेवढं काढून टाका."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग हळूच म्हणाले, "चाचा, तो सज्ञान आहे. त्याची सही लागेल. त्यालाच पाठवा."

"तो नाय करायचा सही," चाचा म्हणाले. "म्हणून तर मी आलो."