वाणीच्या पाठीवरची शिबं

वाणीच्या मानेवर फिकट चट्टे उठले आणि घरात जणू मयत झालं. तंजावुरात आपल्या मराठी लोकांतला मुलगा मिळणं किती मुश्कील, हे आत्यानं, वेंकूबाईनं, तिला ऊठसूट ऐकवलेलं. प्रवीणकुमारशी लग्न ठरलं होतं, आणि आईविना वाढलेल्या वाणीचा त्याच्यावर जीवही जडला होता.

डॉक्टरीणबाईंनी एक चट्टा नखानं हलकेच खरवडला. बारीक कोंडा पडला.

"ही शिबं. तमिळात तेमल म्हणतात. कोड नव्हे. ही बुरशी सगळ्यांच्याच कातडीवर असते. उकाडा, घाम, तेल मिळालं की माजते. शिवल्यानं लागत नाही. मलम लाव, अंगाला तेल बंद. बुरशी मेली तरी रंग परतायला काही महिने जातील. घाबरू नकोस."

एवढ्यातून वेंकूबाईला एकच ऐकू आलं: तेल बंद. शुक्रवारचं तेलन्हाण बंद करणारी ही कोण लागून गेली?

"काय गे, अंगाला तेल नाही म्हणजे सुतक काय?"

मलम केराच्या टोपलीत गेलं. आता तर ती रोजच वाणीच्या पाठीला तिळाचं तेल चोळी आणि कोंदट न्हाणीघरात तशीच बसवून ठेवी. वाणी शाळेत गणित शिकवायची, पण आत्यानं हाक मारली की पाठ उघडी करून बसे. चट्टे खांद्यांवर उतरले, पाठभर पसरले.

प्रवीणकुमारची आई साडी घेऊन आली आणि तिला ते दिसले.

"हे काय?"

"कोड," वेंकूबाई पापणीही न लववता म्हणाली. "हिच्या आईकडनं आलंय. मी तरी किती झाकू?" आणि त्याच बैठकीत तिनं आपल्या नातीचं, साईप्रियाचं, नाव पुढे केलं. असल्या बाईला काय म्हणावं! प्रवीणकुमारनं साधा फोनही केला नाही.

मग मात्र वाणीनं तेल झिडकारलं, नवं मलम आणून लावलं. हळूहळू रंग परतला. एका सकाळी ती प्रवीणकुमारच्या घरी गेली आणि त्याच्या आईसमोर पदर सारून उजेडाकडे पाठ करून उभी राहिली. बाईनं बोट फिरवून पाहिलं.

"खरंच गेलं गे. पण साईप्रियाशी ठरलं, आमंत्रणंही वाटून झाली. आता लोकांना काय सांगू, माझं चुकलं म्हणून?"

लग्नात वाणीचं पान पंगतीबाहेर, कोठीघरात मांडलं होतं. वेंकूबाई स्वतः वाढायला आली. हात लागू नये म्हणून भात तिनं वरूनच टाकला.