साखर घशाखाली उतरेना

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात बेंबळीजवळच्या आमच्या शेतातलं बोअर पाण्याऐवजी हवा ओकायला लागलं. मोटर चालू केली की पाइपात घरघर व्हायची, चिखलाची एक चिळकांडी उडायची आणि मग नुसता फुस्स आवाज. मी भेंडी तोडायला गेले होते, ती बांधावर बसूनच राहिले. पलीकडं आमचाच ऊस उभा होता.

त्या दिवसापासून मी साखर सोडली. उसाला किती पाणी लागतं हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण चहात साखर घालताना ते कुणाच्या मनात येत नव्हतं. माझ्या आलं आणि मग जाईना. गूळही नको वाटायचा, तोही उसाचाच.

सासूबाई हसल्या. "तुझ्या चमचाभर साखरेनं बोअर भरतंय व्हय गं?"

"न्हाय भरत, आत्या. पण घशाखाली उतरतच न्हाय."

नवरा वैतागला. "गावभर ऊस हाय. तू एकटीनं फिका चहा पिऊन काय व्हतंय?"

तोच प्रश्न मलाही दिवसभर भेडसावत होता.

वैशाखात घरचं बोअरही आटलं. टँकरचं पाणी पुरवून पुरवून वापरत होतो. एका दुपारी सासूबाई भाकरी थापता थापता परातीवरच कलंडल्या. अंग तापलेलं, ओठ फुटलेले. दवाखान्यात डॉक्टरांनी सलाइन लावलं आणि विचारलं, "आजी, पाणी पीत नव्हता का?"

त्यांनी तोंड भिंतीकडं वळवलं. "म्या भ्याले. पोरांना पुरंल का न्हाय, म्हनून घोटभरच पीत व्हते."

इतके दिवस मला हसणारी ही बाई माझ्याहून जास्त घाबरलेली होती. नवरा आईच्या पायाशी बसून राहिला.

ऊस तुटून गेल्यावर त्यानं बुडख्यांतून पुन्हा फुटणारा खोडवा ठेवला नाही. पावसाळ्यात थोड्या रानात तूर पेरली, उरलेल्यात पुढं ज्वारी. आता घरात भाकरीच जास्त होते, पोळी सणावारी. बोअरला थोडं पाणी आलंय, पण ते आमच्यामुळं आलं असं मी म्हणणार नाही. पाऊस बरा झाला होता, आणि चहूबाजूंनी ऊस तसाच आहे.

सासूबाई आता पोटभर पाणी पितात. पण आधी घागरीत वाकून बघतात. त्यांच्यामागून मीही बघते.