चिंचोक्यांची युती

आमच्या देश जिंकायच्या खेळाचा मूळ नियमांचा कागद मी कधी पाहिलाच नाही. नाहूरच्या आमच्या दोन खोल्यांत तो खेळ आत्याच्या घरून वापरून आला, आणि येईपर्यंत खोक्यात जगाचा नकाशा आणि फासे तेवढे उरले होते. सैन्य आम्ही स्वयंपाकघरातून भरती केलं. बाबांचे शेंगदाणे, आईचा राजमा, दादाचे छोले आणि मी धाकटी म्हणून मला मूग, जे फुंकर मारली तरी देश सोडून पळायचे. बाबा विचार करता करता स्वतःचंच सैन्य खायचे आणि मग माणसं कमी कशी पडली म्हणून आमच्याकडे संशयाने बघायचे.

छुपी युती हा आईचा नियम. तो आला त्या वर्षी बाबा आणि दादा यांच्यात अबोला होता. बाबांनी साहेबांच्या मागे लागून दादाला आपल्याच भांडुपच्या कारखान्याच्या ऑफिसात चिकटवलं होतं, आणि दादा ती नोकरी सोडून अंधेरीच्या एका स्टुडिओत एडिटिंग शिकायला जाऊ लागला. बाबांनी आरडाओरडा केला नाही, नुसतं बोलणं टाकलं. दोन खोल्यांत अबोला धरणं म्हणजे काय, ते ज्याने धरलाय त्यालाच ठाऊक. सगळं आईमार्फत चालायचं. "त्याला सांग, पंखा बंद कर." दादा पंख्याखालीच बसलेला. "त्यांना सांग, मला उकडतंय." आई भाकरी थापता थापता निरोप पोचवायची. मला दोघांचाही राग यायचा, कारण हट्टाला दोघं अगदी सारखे होते आणि ते त्यांना सोडून सगळ्यांना दिसत होतं.

रविवारी जेवणानंतर खेळायचा रिवाज मात्र मोडला नव्हता. पण बाबा दादाच्या देशांना वळसा घालून जायचे आणि दादा बाबांच्या. युद्धातसुद्धा अबोला. खेळाचं पार वाटोळं झालं होतं.

एका रविवारी आईने चार चिंचोके आणले, दोन तव्यावर भाजलेले आणि दोन कच्चे, आणि स्टीलच्या डब्यात टाकले. न बघता हात घालून एकेकाने एकेक उचलायचा, मोठ्यांपासून सुरुवात. ज्यांचे सारखे ते एका बाजूचे, पण कुणाजवळ कुठला ते सांगायचं नाही. चहाचं आधण चढलं की मुठी उघडायच्या आणि जोडीचे देश मिळून मोजायचे. आपला जोडीदार असेल तरी त्याच्यावर हल्ला करायला हरकत नाही, उलट संशय येऊ नये म्हणून करायचाच. आणि शेवटचा नियम तिने दोघांकडे न बघता सांगितला.

"ज्याच्यावर हल्लो करूचो, त्याका तोंडान सांगा. मी काय पोस्टमन आसंय?"

दादाने बराच वेळ फासे हातात घोळवले. मग नकाशाकडे बघत म्हणाला, "बाबा, तुमच्या इराणवर येतोय."

बाबांनी शेंगदाणे नीट रांगेत लावले. "ये," म्हणाले.

एवढंच. पण मला रडू यायला लागलं होतं आणि मी मूग वेचायचं नाटक करत खाली वाकले. मुठी उघडल्या तेव्हा भाजके दोन्ही बाबा आणि दादाकडे निघाले.

पुढच्या रविवारी तेच झालं आणि त्याच्या पुढेही तेच. मी कुरकुर करायची की मला भाजका कधीच येत नाही, माझं नशीबच कच्चं. तेव्हा सगळे नकाशात काहीतरी शोधायला लागायचे.

एकदा बाबा मोरीत हात धूत होते, तर मी डबा पुढे ओढून सगळ्यांच्या आधी हात घातला. बोटांना लगेच समजलं. कच्चा गुळगुळीत आणि भाजका तडकलेला, खरखरीत. न बघता उचलायचा हा नियम आमचे डोळे झाकत होता, बोटं नाही. म्हणजे बाबा दर रविवारी शोधून भाजका घेत होते, आई मुद्दाम दुसरा भाजका डब्यात ठेवत होती आणि दादा तो बरोबर उचलत होता. आणि कुणी कुणाशी अवाक्षर बोललं नव्हतं.

भाजका माझ्या चिमटीत होता. बाबा पंच्याला हात पुसत आले आणि माझा हात डब्यात बघून थांबले. निकालाच्या दिवशी माझा व्हायचा तसा त्यांचा चेहरा झाला. मी चिमटी सोडली आणि कच्चा घेतला.

"घ्या बाबा, तुमचा नंबर."

त्या दिवशी चहा पिता पिता बाबा म्हणाले, "स्टुडिओत जेवणाचं काय करतोस?" आईने सवयीने निरोप सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. दादा म्हणाला, "कँटीन आहे. बेकार आहे."

दुसऱ्या दिवसापासून बाबांनी दोन डबे भरायला सांगितले.

परवा दादाच्या मुलुंडच्या घरी आम्ही चौघं पुन्हा खेळलो. नकाशाला घड्यांवर सेलोटेप लागलाय. साखरेच्या आजाराने बाबांच्या बोटांतली जाण गेलीय, शर्टाची बटणं आई लावते. त्यांनी डब्यात हात घातला आणि तो तिथेच राहिला. बोटं चिंचोके चाळवत होती आणि ते खडखडत होते.

"काय कळत नाय रे," ते म्हणाले. दादाला म्हणाले.

"उचला बाबा. कुठलाही उचला."

सगळा डाव बाबा शेंगदाणे खायचंही विसरले. आधण चढलं, मुठी उघडल्या. बाबांचा भाजका. त्यांनी घाईने दादाच्या मुठीत पाहिलं, भाजका. मग आईने हात पुढे केला, मग मी. चारही भाजके होते.

"अरे, मग आपण लढलो कुणाशी?" बाबांनी विचारलं.

"तुमचा भाजका चुकायला नको म्हणून," दादा म्हणाला. "सकाळीच भाजून ठेवले."

बाबा त्या चार चिंचोक्यांकडे बघत बसले. मग त्यांनी आपलं उरलेलं सगळं सैन्य ओंजळीत गोळा करून दादापुढे ठेवलं.

"खा," म्हणाले.