बाळ्याचा पाय आणि प्राचार्यांचा एसी

झूऑलॉजीच्या लॅबमध्ये बेडूक, साप, खेकडे टिकवायचे तर बाटल्या लागतात, फॉर्मालिन लागतं. किश्श्यांना काहीच लागत नाही. एक सांगून होत नाही तोवर आमच्या कॉलेजात दुसरा घडलेला असतो! बरेचसे माझ्या आरडाओरड्यानेच संपतात, म्हणून स्टाफरूममध्ये मला चिडकी म्हणतात. आहेच मी चिडकी. तुम्ही ऐका आणि मग सांगा, चिडू नको तर काय करू?

हे सगळे किस्से एकाच प्राण्याचे आहेत. त्याचं नाव बाळ्या.

*

बाळ्या आमच्याकडे बादलीतून आला. आमच्या एका विद्यार्थिनीचे बाबा महाप्याला आयटीत आहेत. त्यांनी दुकानातून हौसेने ॲक्सोलॉटल आणला. म्हणजे सॅलमँडर, बेडकाचा भाऊबंद. पांढरट गुलाबी अंग, पालीसारखे पाय आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे गिल्स. मूळचा मेक्सिकोच्या थंड तळ्यातला हा जीव यांनी कोपरखैरण्यात पश्चिमेच्या खिडकीत ठेवला, दुपारच्या उन्हात! वर सोबतीला रंगीत मासे सोडले. त्याने ते एकेक करून गिळले. मग घरच्यांचं प्रेम आटलं.

बादली माझ्या टेबलावर ठेवून बाबा तक्रारीच्या सुरात म्हणाले, "मॅडम, दुकानदार म्हणाला होता की मोठा झाला की गिल्स गळतील, मग जमिनीवर फिरेल. वर्ष झालं, हा मोठाच होत नाही!"

या प्राण्याची तीच तर गंमत आहे. बेडकाचं पिल्लू शेपूट टाकून मोठं होतं, हा तसा होत नाही. जन्मभर पाण्यात, जन्मभर बाळ. त्याला पोरं झाली तरी हा बाळच.

मी म्हटलं, "तो होणार नाही मोठा. तुम्ही बघा, तुम्हाला जमतंय का!"

बादली मात्र ठेवून घेतली. लॅबच्या आतल्या खोलीत मायक्रोस्कोपसाठी एक जुना एसी होता. त्या गार खोलीत बाळ्याची टाकी लागली. आता त्याचा जीव त्या एसीवर होता, आणि तो एसी कॉलेजच्या मर्जीवर.

*

आमच्या लॅबच्या मावशी दिवाळे गावच्या, कोळीवाड्यातल्या. त्यांची बहीण मासळी विकते, त्यामुळे मावशींचा जन्म मासे बघण्यात गेलेला. पहिल्या दिवशी त्या टाकीसमोर कमरेवर हात ठेवून बराच वेळ उभ्या राहिल्या.

"मॅडम, यो बोंबील हाय ना?"

"नाही हो मावशी, हा सॅलमँडर."

"बोंबीलच हाय," मावशी म्हणाल्या. "पन याला पाय कवा फुटलं?"

मी अर्धा तास समजावलं. मावशींनी मान हलवली आणि काहीही मान्य केलं नाही. फक्त डब्यात बोंबील आणायचं बंद केलं. म्हणे, "कसंतरीच व्हतं वो."

*

फिजिक्सच्या कुलकर्णी सरांना बाळ्याबरोबर सेल्फी हवा होता. हवा तर हवा, मी काय म्हणणार? एक दिवस तास घेऊन येते तर टाकीवर हा भला मोठा एलईडी, आणि बाळ्या दगडाखाली तोंड खुपसून बसलेला. पाय झाडत होता बिचारा.

"मॅडम, किती छान हसतोय बघा!" कुलकर्णी सर म्हणाले.

अहो, त्याच्या तोंडाची ठेवणच तशी आहे! मरतानाही तो हसतानाच दिसणार. आणि या प्राण्याला पापण्या नसतात. उजेड नको झाला तरी डोळे मिटता येत नाहीत.

मी स्टूलवर चढले, लाईट काढला, सरांच्या चेहऱ्यासमोर धरला आणि चालू केला. "आता डोळे मिटायचे नाहीत. हसा!"

तेव्हापासून ते माझ्याशी फक्त टाइमटेबलबद्दल बोलतात. बरंच आहे.

*

खंडेनवमीला आमच्याकडे सगळ्या उपकरणांची पूजा होते. मायक्रोस्कोप, सेंट्रिफ्यूज, प्रोजेक्टर, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. बाळ्या आल्यानंतरच्या खंडेनवमीला मी लॅबमध्ये पोचले तर टाकीतलं पाणी पिवळं! तळाशी कुंकू, वर अक्षता, एक झेंडू तरंगतोय आणि बाळ्या कोपऱ्यात अंग चोरून बसलाय.

त्याची कातडी आपल्यासारखी नसते हो. ओली, पातळ. पाण्यात जे पडेल ते सरळ अंगात जातं. मी पर्स फेकली, बाळ्याला स्वच्छ पाण्यात काढलं आणि मावशींवर अशी ओरडले की खालचा वॉचमन वर आला.

मावशींच्या डोळ्यांत पाणी आलं. "सगल्यांना वाहिलं मॅडम. मग यालाच का नाय? यो काय परका हाय?"

त्यांच्यावर चिडायचं ते चिडून झालं होतं. दिवसभर मग कोणावर चिडू तेच कळेना, म्हणून टीवायच्या वर्गावर चिडले.

*

एप्रिलमध्ये प्राचार्य सरांच्या केबिनचा एसी बिघडला. दुरुस्त करायचा की नाही? नाही. त्यांनी इलेक्ट्रिशियनला सांगून आमच्या लॅबचा काढून नेला. मी पेपर तपासायला दुसऱ्या कॉलेजात गेले होते. परत येते तर भिंतीला भोक, खोलीची भट्टी आणि बाळ्या पाण्यावर उलटा तरंगतोय. शेपटीचं टोक वळलेलं, गिल्स पुढे मुडपलेले. खूप उकडलं की ते असेच करतात.

कँटीनच्या फ्रीजमधून बर्फाच्या बाटल्या आणून मी आणि मावशींनी पाणी हळूहळू गार केलं. संध्याकाळी त्याने एक गांडूळ गिळलं तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. मग मी तशीच प्राचार्यांकडे गेले.

"मॅडम, सुट्टी आहे, लॅब बंद आहे. एका पालीसाठी एसी?"

"पाल नाही सर, सॅलमँडर आहे."

"तेच ते."

तेच ते! एम.एस्सी. झालेला माणूस! दुसऱ्या दिवशी सकाळी मी, मावशी आणि दोन शिपाई टाकी उचलून थेट प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेलो आणि त्यांच्या खुर्चीशेजारी ठेवली.

"हे काय?"

"जिथे एसी तिथे बाळ्या. एसी परत द्या, बाळ्या परत नेते."

एसी आला नाही. बाळ्या तिथेच राहिला.

*

आता मला वाटलं, चला, निदान गार तरी राहील. पण शांतता कुठली! प्राचार्यांकडे एक वास्तूवाले येतात. त्यांनी टाकी बघितली आणि म्हणाले, उत्तरेला पाणी आहे, फार उत्तम, आता त्यात कासव सोडा. प्राचार्यांनी त्याच दिवशी दुकानातून कासव आणून सोडलं. मला विचारलं? नाव नको!

सोमवारी बाळ्याला तीनच पाय होते.

कासवाचा काय दोष? त्याला भूक लागली, समोर गुबगुबीत पाय दिसला. मी कासवाला वेगळ्या टबात टाकलं आणि प्राचार्यांसमोर उभी राहिले.

"वास्तूला चालतं ना मॅडम," ते म्हणाले, "दोघांपैकी एक काढलं तरी?"

*

मग बाळ्याने कमाल केली. सॅलमँडरला ते जमतं, पण पुस्तकात वाचणं वेगळं आणि डोळ्यांनी बघणं वेगळं. आधी जखम बुजली. मग तिथे एक बारीक कोंब आला. कोंबाचा चपटा वल्हा झाला. वल्ह्याला खाचा पडल्या, खाचांची बोटं झाली. आत हाड, स्नायू, नसा, सगळं नव्याने. ज्या पोरांना मी ओरडून ओरडून वर्गात बसवते ती कॉलेज उघडल्यावर तासाआधी केबिनबाहेर रांग लावायला लागली. मावशी रोज सकाळी पहिल्यांदा पाय बघायच्या आणि मगच झाडू घ्यायच्या.

आणि प्राचार्य? पाल म्हणणारे प्राचार्य! कॉलेजच्या ग्रुपवर फोटो, "आमच्या महाविद्यालयातील संशोधन" अशी ओळ, पाहुणा आला की आधी टाकी. तपासणीची कमिटी येणार होती, तिलाही हेच दाखवायचं ठरलं. मी म्हटलं, असू दे. लॅबला एसी परत मिळणार असेल तर सगळं श्रेय घ्या.

कमिटीची तारीख पुढे गेली. परत पुढे गेली. तोवर बाळ्याचा पाय पूर्ण झाला. नवा कुठला, जुना कुठला, मलाही सांगता येईना.

कमिटी येण्याच्या आदल्या दिवशी प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मावशी टाकीची काच पुसत होत्या. प्राचार्यांनी आवाज खाली आणला.

"मॅडम, आता चारही पाय आहेत. मग उद्या दाखवायचं काय?"

"चार पाय दाखवायचे, सर."

"नाही, पण म्हणजे..." त्यांनी दोन बोटांची कात्री करून दाखवली. "परत येतोच ना तो?"

मला पहिल्यांदा खरंच वाटलं की मी चुकीचं समजले. मग समजलं की बरोबर समजले. "परत येतो म्हणून दुखत नाही असं नाही, सर!" मी इतकी ओरडले की गेटबाहेरच्या झेरॉक्सवाल्याने दुसऱ्या दिवशी मला तब्येत विचारली.

कमिटी आली. अध्यक्षबाई केबिनमध्ये बसल्या. प्राचार्य टाकीशेजारी उभे राहून गिल्स, नवा पाय, संशोधन, दूरदृष्टी असं बरंच बोलले. बाईंनी चष्मा लावला, वाकून नीट बघितलं.

"पाय तर चारही धड दिसतायत. तुटलेला कुठला?"

प्राचार्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं. तेवढ्यात मावशी चहाचा ट्रे घेऊन आत आल्या.

"सर म्हनत व्हते, तुमाला दाखवाला परत तोडू," मावशींनी बाईंपुढे कप ठेवला. "मॅडमच नको म्हनल्या. साखर किती घालू?"

सोमवारी मी लॅबमध्ये गेले तर इलेक्ट्रिशियन शिडीवर उभा होता, आणि खाली मावशी आमचा जुना एसी ओल्या फडक्याने पुसत होत्या.