मे महिन्यातली माटोळी

सुर्ल्याच्या खाणीवरची कारकुनी सोडून मी हळर्णला घरी बसलो आणि मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायला लागलो. गोवा नुकतंच घटकराज्य झालं होतं. पुस्तकं कोकणीत हवीत की मराठीत यावर गावात रोज जुंपायची. चित्रांना भाषा लागत नसल्यामुळे मी दोन्ही पक्षांना सारखाच निरुपयोगी होतो. आई विचारणाऱ्याला सांगे, "घरांत आसा, काम सोदता." मला ते 'काम शोधतोय' फार लागायचं. सकाळपासून पाठीचा काटा ढिला होईस्तोवर मी करत होतो, ते मग काय होतं?

पहिलं पुस्तक मिळालं ते चतुर्थीच्या गोष्टीचं, आणि चित्रं द्यायची होती मेअखेर. गणपतीच्या डोक्यावर फळं-फुलं बांधायची ती माटोळीची लाकडी चौकट आमच्याकडे वर्षभर छतालाच असते. मान वर करून ती कागदावर काढली आणि मे महिन्यात परसात दिसलं ते तिला टांगलं: आंबे, काजू, एक फणससुद्धा.

आई जेवायला बोलवायला आली. चित्राकडे बराच वेळ बघत राहिली.

"चवथीक काजू खंयचे रे?"

त्या दिवसापासून ती माझ्या पाठीशीच उभी. सुपारीचा शिंपटा, पपनसासारखं मोठं तोरिंजन, रानातली कांगणां, सगळं तिने आठवून आठवून टांगायला लावलं. गाठी दिसत नाहीत म्हणून गाठीही काढून घेतल्या. फळ सुटून गणपतीच्या डोक्यावर पडलं तर जबाबदार कोण, असा तिचा सवाल होता. चित्र झालं तेव्हा मात्र मी स्वतःवरच खूश होतो.

पणजीहून संपादकांचं पत्र आलं. फळांच्या गर्दीत गणपती दिसत नाही, निम्मी वगळून आठ दिवसांत पाठवा.

आईला सांगायचा मला धीर होईना. गुपचूप नवा कागद घेतला, पण गायब झालेलं तोरिंजन तिच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं.

"कोणें काडूंक सांगलां?"

"पणजेच्या सायबान."

"तुका सायब आसा?"

"आसा."

"आनी तो बरें केल्लें काम परतून करूंक लायता?"

मी होकारार्थी मान हलवली. ती आत गेली.

संध्याकाळी ती कुंपणाशी उभी राहून शेजारणीला सांगत होती, "आमचो कामाक लागलो गो. पूण सायब मातसो खाष्ट मेळ्ळा."