तेल न घेणारा मारुती

ती चोरी आठवली की मला आजही हसू फुटतं, आणि त्या हसण्यात थोडी ऐटही असते, हे मी लपवत नाही. खात्यात उभी हयात गेली. खून पाहिले, दरोडे पाहिले. पण नातवंडं "आजोबा, एखादी केस सांगा" म्हणाली की मी सांगतो ती एका धोंड्याची.

मी तेव्हा परळीच्या अलीकडच्या एका ठाण्यात फौजदार होतो. दुष्काळाचं साल. ठाण्याचं अर्धं मनुष्यबळ टँकरच्या बंदोबस्तावर आणि उरलेलं जनावरांच्या छावणीवर. चोर पकडायला माणसं नव्हती, आणि चोरण्यासारखं कोणाकडे काही नव्हतं. सिरसाळ्याच्या बाजूच्या एका गावात शेतकऱ्यांच्या सहकारी पाणी संस्थेने मोठी विहीर खणायला घेतली होती. सगळ्या गावाचा जीव त्या विहिरीत अडकला होता. परळीचा एक मुसलमान मेस्त्री आपली यारी, म्हणजे विहिरीतला दगड वर ओढायचं यंत्र, घेऊन तिथे काम करत होता.

एके दिवशी सुरुंग उडाला आणि खडकात पोकळी उघडली. आत लखलखाट! त्यातला घागरीएवढा एक धोंडा यारीने अलगद वर काढला. पाठीमागून साधा काळा खडक, पण समोरून पाहावं तर काचेसारख्या स्फटिकांचा नुसता गुच्छ, आणि त्या स्फटिकांच्या आत लाल ठिपके. बायकांनी लगेच हळद-कुंकू आणलं, कोणी तेलाची वाटी आणली. तेवढ्यात परळीचे एक निवृत्त प्राध्यापक येऊन पोहोचले. हे गृहस्थ जन्मभर विहिरी आणि खाणी हिंडून असले दगड जमवत आलेले.

"तेल लावू नका हो बायांनो!" ते ओरडलेच. "तेल एकदा भेगांत शिरलं की निघत नाही. सगळा दगड मातीमोल होईल."

मग त्यांनी गावाला समजावून सांगितलं. पांढरी पाकळ्यांसारखी खनिजं वेगळी, पारदर्शक ती गारगोटी आणि आतले लाल ठिपके हेमेटाइटचे. "घराला गेरू देता ना, त्या गेरूत जे लोखंड असतं तेच हे," ते म्हणाले. एवढा मोठा आणि अखंड नमुना त्यांनीही पाहिला नव्हता. तो कॉलेजच्या संग्रहालयाला द्यायचं ठरलं आणि तोवर संस्थेच्या खताच्या गोदामात ठेवला. दोन दिवसांनी गोदामाचं कुलूप तुटलं आणि धोंडा गेला.

चेअरमन फिर्याद द्यायला आले ते चोराचं नाव घेऊनच. "यारीवाल्यानंच नेला सायेब. त्याला घ्या अन् चार फटके द्या, पोपटावानी बोलतंय बघा."

संस्थेचा सचिव शेजारी उभा होता. कपाळाला गंध, बोलणं मऊ. तो म्हणाला, "आमी काय म्हनावं सायेब, पर बाहेरचा मानूस तो एकच."

मी गुन्हा नोंदवला, पंचनामा केला, परळी आणि सिरसाळ्याच्या रस्त्यांवर नाकाबंदी लावली आणि मेस्त्रीला ठाण्यात बोलावलं. गावाने त्याची यारी अडकवून ठेवली होती, काम बंद पडलं होतं. त्याच्या अंगावर दगडाची भुकटी तशीच होती.

"आधी कधी असले खडे विकलेत?" मी विचारलं.

"विकले की. लहान-सहान खडे मालकाला इचारून दलालाला दिले. खोटं कावून बोलू?" तो म्हणाला. "ह्यो न्हाई नेला. सायेब, मारायचं तर मारा, पर एक ध्यानात घ्या. हिरीत उतरनारा मानूस चोर म्हनून एकदा निघाला ना, तर पुन्हा कोन त्याला गावात घेतंय? माझ्या बापानं ह्याच मुलखात हिरी खनल्या."

आता खोटं बोलणारा माणूस आपल्या अडचणीचं आधी कबूल करत नाही. ज्याने विचारल्याबरोबर जुने खडे विकल्याचं सांगून टाकलं, त्याच्यावर हात टाकायला माझं मन होईना. माझा जमादार मात्र जुन्या वळणाचा. "सायेब, एकदा माझ्याकडं द्या," त्याचं पालुपद सुरूच. मी त्याला टँकरवर पाठवून दिलं. चेअरमन भडकले, वर तक्रार करतो म्हणाले. खुशाल करा म्हटलं.

पण दिवस जात होते. गाव त्या माणसाकडे ज्या नजरेने बघायला लागलं होतं, ते मला आवडत नव्हतं. चोर सापडला नाही तर कागदावर तो सुटला असता, पण गावाच्या तोंडून कधीच सुटला नसता.

दुवा मिळाला तो टँकरपाशी. मी स्वतः बंदोबस्ताला उभा होतो. रांगेत एक म्हातारी तावातावाने शेजारणीला सांगत होती. मी हटकलं, "आजी, कोणावर एवढा राग?"

"सचिवावर!" ती म्हणाली. "त्यानं बांधावर लिंबाखाली नवा मारुती बसवला. पाऊस पडावा म्हनं. शनिवारी मी पळीभर करडीचं तेल नेलं. घरात फोडनीला न्हाई, पर देवाला नेलं. तर मेला म्हनतो, तेल घालू नका, ह्यो मारुती तेल घेत न्हाई! फौजदार, तुमीच सांगा, तेल न्हाई घेत असला कसला मारुती?"

माझ्या डोक्यात लख्खकन उजेड पडला. शनिवार, मारुती आणि तेल. लहान लेकराला विचारलं तरी सांगेल. तेलाला भिणारा या गावात एकच दगड होता, आणि तो का भितो ते प्राध्यापकांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं.

आनंद झाला, पण धोकाही दिसला. शेंदूर लावलेला देव पोलिसाने उचलायचा, तोही एका मुसलमानावर चोरीचा आळ असताना! माझा अंदाज चुकला असता तर गाव पेटलं असतं, आणि त्याची पहिली झळ मेस्त्रीला बसली असती. म्हणून मी आधी गावच्या गुरवाला गाठलं. मारुतीची पूजा वंशपरंपरेने त्यांच्या घरात.

"गुरवबाबा, लिंबाखालचा मारुती तुम्ही बसवला?"

"मला बोलावलंच न्हाई," गुरव फणकारले. "ना पूजा, ना मंत्र. शेंदूर फासला म्हनून धोंड्याचा देव होतो काय?"

"मग शनिवारी माझ्यासोबत या. येताना तेल आणा."

शनिवारी सकाळी आम्ही निघालो. गुरव, त्यांनी आणलेल्या तेलाची वाटी हातात घेतलेली ती आजी, चेअरमन, दोन पंच, माझा जमादार, प्राध्यापक आणि मागे निम्मं गाव. मेस्त्रीला मी मुद्दाम लांब, चिंचेखाली उभं केलं. सचिव धावत आला. हात जोडले, पण नजर आजीच्या वाटीवर.

"सायेब दर्शनाला आलेत व्हय? लई बरं झालं. फकस्त तेल तेवढं..."

"कावून?" मी त्याच्याच बोलीत विचारलं.

"नवस हाय. तेलाविना पुजायचा."

"कोणाचा नवस? कधी बोललात?"

"ते... म्हंजे... आमच्या आईचा."

"तुझी आई माझी मैतरीन होती बे!" आजी कडाडली. "ती दर शनिवारी तेल घालायची देवाला. मेलेल्या बाईवर कावून ढकलतो?"

मी शेंदरावरून बोट फिरवलं. तेलात कालवलेला शेंदूर असा निघत नाही. हा कोरडा होता, माझं बोट लाल झालं. पठ्ठ्याने तो नुसत्या पाण्यात कालवून फासला होता. ते बोट मी गुरवांना दाखवलं. त्यांनी मान हलवली आणि आजीला म्हणाले, "घाल ग तेल."

आजीने वाटी तिरपी केली मात्र, सचिव मधे आडवाच पडला. "नका घालू! लाखाचा माल मातीत जाईल!"

मग जमादार खो-खो हसला, आणि सगळं गाव हसलं. लाखाचा मारुती! गुरवांनी स्वतः हात घालून दगड उलटा केला. खाली खड्ड्यात पांढराशुभ्र कापूस अंथरलेला, आणि त्यात तोंड खुपसून ठेवलेले ते स्फटिक. ऊन पडलं आणि आतले लाल ठिपके पेटल्यासारखे दिसले. प्राध्यापकांनी खाली बसून एकेक टोक तपासलं. कुठे टवकादेखील गेला नव्हता. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

सचिवाने तिथेच सगळं सांगितलं. एका दलालाशी बोलणं झालेलं. नाकाबंदीमुळे माल हलवता येईना, घरात ठेवायची छाती होईना. देवाला कोणी हात लावणार नाही म्हणून मारुती केला. कुलूप बाहेरच्याने तोडल्यासारखं वाटावं म्हणून किल्ली असून तोडलं. पुढे कोर्टात शिक्षाही लागली.

चेअरमन माणूस तापट, पण मनाचा मोठा. ते सर्वांसमोर चिंचेखाली गेले, स्वतःच्या डोक्यावरचा पटका काढून मेस्त्रीच्या डोक्यावर बांधला आणि म्हणाले, "चुकलं भाऊ. यारी चालू कर." त्या दुपारी यारीचा आवाज पुन्हा सुरू झाला. नोकरीत मला बक्षिसं मिळाली, पण त्या आवाजाइतकं समाधान एकाही बक्षिसाने दिलं नाही. विहिरीला पाणीही लागलं, गोड आणि भरपूर.

एवढ्या वर्षांत मी शेकडो जबाब घेतले. तोंडाने माणूस हवं ते बोलतो. या केसपासून मी बोलण्याकडे कमी आणि दुसऱ्याच एका गोष्टीकडे जास्त लक्ष देऊ लागलो: समोरचा आपल्याला काय करू देत नाही? बहुतेकदा चोरी तिथेच असते.

एक सांगायचं राहिलं. लिंबाखाली नारळ फुटले होते, तेव्हा जागा रिकामी ठेवायची नाही असं गावाने ठरवलं. पाथरवटाकडून खरा मारुती घडवून घेतला. तो ओट्यावर चढवायला माणसांना पेलेना, म्हणून मेस्त्रीची यारी आली. गुरवांनी पूजा केली, शेंदूर तेलात कालवून लावला आणि पहिली वाटी आजीच्या हातात दिली. आजीने वरून धार धरली. तेल मारुतीच्या खांद्यावरून सावकाश पायापर्यंत ओघळलं.

यारीच्या दोराला हात लावून उभा असलेला मेस्त्री माझ्याकडे वळला आणि मोकळेपणी हसून म्हणाला, "सायेब, ह्यो घेतोय बघा तेल!"